सातव्या गाठीनंतर

दातवाल्याची बायको गेली तेव्हा दातवाला शेजारच्याच खोलीत होता. मधे एकच दार, आणि तेही नुसतं लोटलेलं.

तो दातांचा डॉक्टर नव्हता. डॉक्टर लोक तोंडाची मापं घेऊन प्लास्टरचे साचे त्याच्याकडे धाडत आणि त्यांवरून तो कवळ्या बनवी. घराची पुढची खोली हाच त्याचा कारखाना. भिंतभर फळ्या, फळ्यांवर ओळीने मांडलेले पांढरे जबडे, आणि प्रत्येक जबड्यावर पेन्सिलीने घातलेला आकडा. आकडा घातल्याशिवाय तो कुठल्याच वस्तूला हात लावत नसे. रस्त्यात भेटलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तो चेहऱ्यावरून ओळखत नसे, पण समोरचा हसला की लगेच ओळख पटे. ते हसू त्यानेच घासूनपुसून पाठवलेलं असे.

त्याची बायको सार्वजनिक वाचनालयात कामाला होती. सकाळी पेपर काठ्यांना लावायचे, वाचन कक्षात टेबलाशी बसून राहायचं, दुपारी काठ्या सोडायच्या. तीनच्या सुमारास ती घरी येई, पायांवर पाणी घेई आणि मधल्या खोलीतल्या खिडकीजवळच्या खुर्चीत लेस घेऊन बसे. टॅटिंगची लेस. तिला ना सुया लागत, ना फ्रेम. हातात मावेल एवढा नावेच्या आकाराचा एक धोटा, त्यात गुंडाळलेला दोरा, आणि दहा बोटं. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचा फेरा घ्यायचा, धोटा त्याच्या खालून-वरून काढून गाठीमागे गाठ घालत जायचं आणि शेवटी ओढलं की फेऱ्याचं चिमुकलं कडं होतं. कड्याला कडं जोडत जायचं. गाठींच्या मधे दोरा किंचित सैल सोडून छोटे फास ठेवायचे, त्यांना ती पिको म्हणे. पुढची जोडणी त्याच फासांतून व्हायची. हे सगळं त्याला फार नंतर कळलं. ती होती तोवर त्याच्या लेखी ते म्हणजे 'तिचं ते काहीतरी'.

त्या दिवशी त्याच्या हातात खालची एक कवळी होती आणि पॉलिशची मोटर तासभर किंचाळत होती. चार वाजता मोटर बंद करून तो हात पुसत मधल्या खोलीत आला.

"चहा टाकतेस, की मी टाकू?"

ती खिडकीच्या चौकटीला डोकं टेकून बसली होती, डोळे मिटलेले. दमली असेल म्हणून त्यानेच चहा टाकला, दोन कप भरून आणले, एक तिच्यापाशी ठेवला आणि समोरच्या स्टुलावर बसून स्वतःचा प्यायला. पिता पिता तो बोलतही होता. खालच्या कवळीचं काम कसं अवघड, हिरडीच उरलेली नाही तर बसवायची कशावर, डॉक्टरला मापच नीट घेता येत नाही, असं बरंच काही. कप रिकामा झाल्यावर तो म्हणाला, "अगं, गार होतोय." मग त्याने तिच्या हाताला हात लावला. तो चहाच्या कितीतरी आधी गार झाला होता.

डोक्यात रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. क्षणात संपलं असेल, तिला कळलंही नसेल.

"किती वाजता?" दातवाल्याने विचारलं.

"तीन, सव्वातीन."

म्हणजे तिने हाक मारली असती तरी ती हाक मोटरच्या आवाजाखाली चिरडून गेली असती. हे कुणी बोललं नाही, पण त्याच्या मनात ते घर करून बसलं.

*

महिनाभर माणसांची ये-जा होती तोवर काही जाणवलं नाही. मग मेव्हणीही, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, आपल्या घरी गेली आणि त्याने कामाला हात घातला. पहिल्याच दुपारी, मोटर बंद केल्यावर, लोटलेल्या दारापलीकडून आवाज आला.

टक्.

थोड्या वेळाने पुन्हा. टक्. टक्.

त्याने दार ढकललं. खुर्ची, खिडकी, स्टूल. आवाज थांबला.

तो हिशेबी डोक्याचा माणूस. आधी मोरीतला नळ बघितला. मग घड्याळ काढून कपाटात गादीखाली ठेवलं. प्लास्टर वाळताना तडतडतं, म्हणून सगळे ओले साचे गच्चीवर नेले. तरी दुपारी तीन-साडेतीनला मोटर थांबली की पलीकडे टक् व्हायचंच. शेवटी त्याने प्लंबरला बोलावलं. प्लंबरने अर्धा तास भिंतीला कान लावला, नळाचा वॉशर बदलला आणि उठता उठता फळ्यांकडे बघून म्हणाला, "बुरा मानू नका, पण एवढे जबडे घरात ठेवल्यावर एखादा दात वाजवणारच की!"

दातवाला हसला. प्लंबर गेल्यावर मात्र त्याने ते सगळे जबडे भिंतीकडे तोंड करून फिरवून ठेवले.

आवाज ओळखीचा होता, नेमकं तेच त्याला खात होतं. कुठे ऐकलाय ते आठवत नव्हतं. एका दुपारी कवळीवर दात मांडताना ते अचानक आठवलं आणि हातातली मेणाची चकती खाली पडली. धोट्याच्या दोन पात्यांची टोकं एकमेकांना चिकटून असतात. त्यांच्या फटीतून दोरा सुटताना टक् होतं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं ही टकटक घरात रोज दुपारी असे. पुढे ती बंद झाली. कधी?

बंद झाली, कारण त्याने सांगितलं होतं. बाराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एक वरची कवळी तिसऱ्यांदा परत आली होती, तो वैतागला होता, आणि दारातून ओरडला होता, "अगं, बंद कर ते! डोक्यात खिळे ठोकल्यासारखं होतंय. माझं काम बारीक आहे!" दुसऱ्या दिवसापासून आवाज नव्हता. तो का नाही, ती खुर्चीत बसून करते तरी काय, हा प्रश्न बारा वर्षांत त्याला एकदाही पडला नव्हता. आणि हे ज्याच्या मोटरमुळे शेजारपाजारचे खिडक्या लावून घेत, त्या माणसाने म्हणावं!

*

तिचा डबा त्याने त्याच दिवशी उघडला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. तळाशी रुमालात बांधलेला धातूचा एक धोटा होता, तो आवाज करणारा. वर आणखी सात होते, सगळे घरी केलेले. दह्याच्या डब्याच्या झाकणातून कापलेले दोन. शाम्पूच्या बाटलीचा एक. मुदत संपलेल्या बँकेच्या कार्डाचा एक, त्यावर तिच्या नावाची चार अक्षरं अजून उठलेली. एक्स-रेच्या फिल्मचे दोन. त्यातला एक उजेडाकडे धरल्यावर त्याला एका बोटाचं पेर दिसलं आणि त्याने तो पटकन खाली ठेवला. एक त्याच्याच मेणाचा, अर्धवट आणि मोडलेला. तो प्रयोग फसला असावा. प्रत्येक धोट्याची दोन्ही टोकं आतून मऊ कापडाने मढवलेली होती. चष्मा पुसायच्या कापडाच्या चिंधीने, बँडेजच्या पट्टीने, एकाला तर जुन्या हातमोज्याच्या कातड्याने. डिंकाने इतकं नीट चिकटवलेलं की कड कुठे संपते ते नखाला लागत नव्हतं.

डब्यात वाचनालयाच्या जुन्या कार्डांतून कापलेल्या पट्ट्या होत्या, फास सारखे यावेत म्हणून मापाला. जोडणीसाठी एक आकडी होती. ती त्याने हातात घेतली आणि बघतच राहिला. ती त्याचीच, मेण कोरायची सळई होती, टोक तापवून वाकवलेली. चार वर्षांपूर्वी त्या सळईसाठी त्याने अख्खं घर डोक्यावर घेतलं होतं आणि पार्सल न्यायला येणाऱ्या माणसावर आळ घेतला होता. तेव्हा बायकोही त्याच्याबरोबर कपाटाखाली वाकून शोधत होती!

"अगं चोरटे," तो मोठ्याने म्हणाला. आणि पलीकडे टक् झालं.

डब्याच्या शेजारी पिशवीत ते शेवटचं काम होतं, त्या दिवशी तिच्या मांडीवरून कुणीतरी उचलून ठेवलेलं. ताटाएवढी गोल जाळी, बाहेरची कड निम्म्यावर आलेली. धोटा अजून लटकत होता, आणि शेवटचं कडं उघडं होतं. सात गाठी घालून झालेल्या आणि पुढे बोटांवरून निसटलेला दोऱ्याचा मोकळा फेरा. मेलेल्या बोटांवरून निसटलेला. तो त्याला बघवेना. ओढून उसवून टाकावं म्हणून त्याने दोऱ्याचं टोक धरलं, पण गाठ हलेना. सुईने, चिमट्याने, भिंग लावून तासभर खटपट केली. विणलेलं उसवतं, शिवलेलं उसवतं, हे उसवत नाही. ओढावं तसं ते अधिकच आवळत गेलं.

मग एकच मार्ग उरला, ते पुरं करायचा.

*

वाचनालयात बायकोच्या समोरच्या टेबलावर बसणारी बाई होती, जाडजूड, चष्मेवाली, तोंडाने फटकळ. दातवाला पिशवी घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"मला हे शिकायचंय."

बाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मलाच तिने शिकवता शिकवता हात टेकले होते. पण गाठ येते मला. बसा."

सोपं वाटलं होतं. बारीक कामात त्याची हयात गेली होती, मिशीच्या केसाएवढी चूक त्याला दिसे. इथे मात्र बोटं दगड झाली. गाठ पडे, पण कडं ओढायला जावं तर अडे.

"उलटी पडतेय," बाई म्हणाल्या. "धोट्याचा दोरा ताठ ठेवा आणि बोटावरचा सोडा, म्हणजे गाठ उडी मारून त्या दोऱ्याला बसते. धोट्याच्या दोऱ्याने काही करायचं नाही, नुसतं सरळ राहायचं. सगळं दुसऱ्याने करायचं."

"आमचा संसार असाच होता," तो म्हणाला. बाई हसल्या.

तिसऱ्या आठवड्यात गाठीने उडी मारली. बोटांखाली त्याला ती कळली, दाताची मांडणी अचूक बसते तशी.

एकदा त्याने धीर करून विचारलं, "या टोकांना कापड कशाला लावायची ती?"

"आवाज होऊ नये म्हणून. आमच्याकडे पेपर वाचणारे ते उंच आजोबा आहेत ना, स्वतः पेपर आपटतात आणि दुसऱ्याने खोकलं तरी मान वर करतात. मधल्या वेळात बसून करायची ती, टेबलाखाली."

दातवाल्याच्या छातीवरून कुणीतरी उठल्यासारखं झालं. "म्हणजे वाचनालयासाठी?"

"मग? तुम्हाला काय वाटलं?"

"काही नाही. कधीपासून लावायची?"

"मी बदलून आले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा लावलेलंच होतं."

तो हिशेबी माणूस. बारातून सहा गेले. उरलेल्या सहांना साक्षीदार नव्हता.

मेव्हणी पुढच्या रविवारी आली तेव्हा त्याने तिलाही विचारलं. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"मी एकदा म्हटलं होतं ताईला, तुझी टकटक ऐकू येत नाही हल्ली. म्हणाली, आता मला बिनआवाजाचं जमतं."

"कसं म्हणाली? चिडून?"

"नाही हो भावजी. जरा ऐटीतच म्हणाली."

"माझं नाव काढलं होतं?"

"नव्हतं काढलं." मग भाजीकडे बघत ती म्हणाली, "आता मला विचारून काय उपयोग? तिला विचारायचं होतंत."

*

धोटा त्याने स्वतःचा केला. साचा करून कवळीच्या गुलाबी मसाल्याची दोन पाती ओतली, पाण्यात शिजवली, घासली, काचेसारखी चमकवली. टोकं मुद्दाम घट्ट बसवली आणि कापड लावलं नाही. वाचनालयातल्या बाईंनी तो बघितला मात्र आणि खुर्ची मागे सरकवली. "अहो, हिरड्या आहेत या! उद्या चावेल मला." पण हातात घेतल्यावर म्हणाल्या की वजन छान आहे.

मग एका दुपारी तो तिच्या खुर्चीत बसला. मोटर सकाळपासून लावली नव्हती. तिच्या धोट्यावर उरलेला दोरा त्याने आपल्या धोट्यावर गुंडाळून घेतला. एकेका वेढ्याला टक्, टक्. जाळी मांडीवर घेतली आणि तो उघडा फेरा उचलला. त्यात आता हात घालायचा होता. तिचा हात होता त्याच जागी, तिच्या बोटांच्या मापाने सोडलेल्या दोऱ्यात. त्याने डोळे मिटून बोटं आत सरकवली. फेरा त्याला आखूड पडला. पेरांवर दोरा रुतला, एखाद्याने मनगट धरावं तसा. त्याने सोडवला नाही. सातव्या गाठीच्या पुढे आठवी घातली, मग नववी, दहावी, एक फास, पुन्हा पाच. आणि दोरा ओढला. कडं मिटलं.

त्या जागी, पुढे ओळखू यावं म्हणून, त्याने शेजारच्या फासाला लाल दोऱ्याची बारीक गाठ मारली. इथवर ती, इथून मी.

पुढच्या कड्यासाठी त्याने दोरा सोडला. टक्. हात थांबवला.

टक्.

हा त्याच्या हातातला नव्हता. तो हलला नाही. खिडकीतून ऊन स्टुलावर आलं होतं, जिथे त्या दिवशी बसून तो चहा प्यायला होता. स्टूल रिकामं होतं. तरी कुणीतरी समोर बसून आपल्या हातांकडे बघतंय, गाठ सैल पडली तर जिभेवर आलेला शब्द गिळतंय, अशी त्याची खात्री पटली. तो हळूच म्हणाला, "असू दे. होऊ दे आवाज. मला काही होत नाही आता."

खूप वेळाने, तो पुन्हा गाठी घालायला लागल्यावर, दोन आवाज एकात एक मिसळले आणि कुठला कुणाचा ते त्याने बघितलं नाही.

त्या महिन्यात तसं आणखी दोन-तीनदा झालं. नंतर झालं नाही. शेवटचं कधी, ते त्याला सांगता येत नाही, कारण शेवटचं ऐकताना ते शेवटचं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. कितीतरी दुपारी तो मोटर बंद करून कान देऊन बसला. साचे गच्चीवरून खाली आणले, घड्याळ गादीखालून काढून पुन्हा लावलं, निदान काहीतरी वाजावं म्हणून. ज्या घरात आवाजाची भीती वाटत होती, त्या घरात आता तो नसल्याची वाटू लागली.

जाळी पुरी व्हायला अडीच महिने लागले. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, मी धुऊन देते, पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणून वाळवावी लागते, तुम्हाला जमायचं नाही. चार दिवसांनी त्यांनी ती कागदात घालून आणून दिली. शुभ्र, ताठ, गोल.

त्याने एकदा बघितली. मग फिरवून बघितली.

"लाल दोरा होता एक."

"तो? कुठलीशी चिंधी अडकली होती. रंग सोडेल म्हणून धुण्याआधी काढून टाकली. का हो?"

"काही नाही," तो म्हणाला.

घरी येऊन त्याने भिंग लावलं, दिवा लावला. बाहेरच्या कडेला छत्तीस कडी होती. तिची किती, त्याची किती? प्लास्टरच्या प्रत्येक जबड्यावर आकडा घालणाऱ्या माणसाने हे कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. इतकी खात्री होती की आपलं काम आपल्याला ओळखू येईल. त्याने एकेक गाठ मोजली. एक कडं जरा सैल वाटलं, ते आपलं असणार, म्हटलं. मग त्याच्या समोरचंही तसंच दिसलं. सात गाठींनंतर हात बदलला ते कडं तर कुठेच सापडेना. दोन दिवस त्याने कवळीला हात लावला नाही. मेव्हणी आली तेव्हा तिच्या हातात भिंग दिलं.

"हे बघ, यातलं ताईचं कुठलं ते सांग."

तिने बराच वेळ बघून एका जागी बोट ठेवलं. "हे. किती घट्ट आहे बघा."

"ते माझं असेल. मी ओढून घालायचो सुरुवातीला."

"मग हे."

"तेही..." तो थांबला. "माहीत नाही."

मेव्हणीचे डोळे भरून आले. एवढं सारखं जमलं म्हणजे चांगलंच झालं, असं ती म्हणत राहिली. त्याला मात्र तसं वाटेना. शेवटचं जिथे तिचा हात होता ती जागा त्याने स्वतःच्या हाताने झाकून टाकली होती.

जाळी कुठल्या टेबलासाठी होती ते कुणालाच माहीत नव्हतं. ती मेव्हणीने नेली. दातवाल्याचे हात आता थांबेनात. तो टिचभर चौकोन करू लागला आणि कवळीची डबी देताना तळाशी घालू लागला. कुणी विचारलं नाही, बहुतेकांना ते पॅकिंगच वाटलं. एक निवृत्त शिक्षिका तेवढ्या डॉक्टरकडून पत्ता घेऊन, नवी कवळी घालूनच दारात आल्या, चौकोन दोन बोटांत धरून.

"हे चुकून आलंय तुमचं."

"चुकून नाही. राहू द्या."

"बायकोनं केलेलं का?"

दातवाल्याने चौकोनाकडे बघितलं. सकाळीच केला होता तो, तरी उत्तर द्यायला त्याला वेळ लागला.

"मीच केलाय," तो म्हणाला. "बहुतेक."

शिक्षिकाबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं, चौकोन पुन्हा डबीत ठेवला आणि गालाला हात लावून म्हणाल्या, "बरं, आणि हा वरचा डावा टोचतोय. 'स' म्हणताना शिट्टी वाजते ती वेगळीच."

"बसा," तो म्हणाला, आणि कानस शोधू लागला.